पहिली झडप ठरवताना दुसरीचाही विचार

एऑर्टिक व्हॉल्व्ह बदलावा लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: छाती न उघडता होईल का? हल्ली होतं. जांघेतल्या धमनीतून नळी घालून नवी झडप बसवायच्या या पद्धतीला टावी म्हणतात. पेशंट दुसऱ्या दिवशी वॉर्डात चालतो आणि बहुतेकदा तीन-चार दिवसांत घरी येतो. ओळखीत कुणाचं तरी झालेलं असतं, व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ फिरत असतो, त्यामुळे मग ओपन हार्ट कशाला करायचं असं वाटणं साहजिक आहे. पहिल्या महिन्यापुरतं बघितलं तर ते खरंही आहे. पण झडप काही महिन्याभरासाठी बसवत नाहीत. ती पाचव्या वर्षी कशी चालेल, दहाव्या वर्षी काय होईल आणि ती निकामी झाली तर पुढे कोणती वाट उरेल, हे आधी विचारायला हवं. ओपीडीतल्या दहा मिनिटांत नेमकं तेच राहून जातं.

निर्णयाकडे जाण्याआधी हातातला रिपोर्ट नीट वाचा. टूडी एकोच्या कागदावर एऑर्टिक व्हॉल्व्हसमोर तीन आकडे असतात. झडपेतून रक्त किती वेगानं उडतं, तो पीक व्हेलॉसिटीचा आकडा. ४ मीटर प्रति सेकंद किंवा जास्त असेल तर आजार तीव्र समजतात. दुसरा मीन ग्रेडियंट, म्हणजे झडपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला सरासरी फरक. त्याची रेषा ४० मिलिमीटर पाऱ्याला आहे. तिसरा झडपेच्या तोंडाचं क्षेत्रफळ. निरोगी माणसात ते साधारण ३ ते ४ चौरस सेंटिमीटर असतं, आणि १ चौरस सेंटिमीटरच्या खाली आलं की झडप फार अरुंद झाली. तिन्ही आकडे एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर निदानात फारशी शंका नसते. तोंड अरुंद पण ग्रेडियंट कमी, असं काही निघालं तर घाई करू नका. हृदयाचं पंपिंग कमी झालं असेल तर ग्रेडियंट फसवा निघतो. अशा वेळी रंगद्रव्याशिवाय साधा सीटी करून झडपेवर कॅल्शियम किती साचलंय ते मोजतात. पुरुषांत हा स्कोअर २,००० च्या वर आणि बायकांत १,२०० च्या वर गेला की आजार बहुधा खरंच तीव्र असतो. बायकांसाठी रेषा वेगळी आहे हे लक्षात ठेवा. आईच्या रिपोर्टाची तुलना मामाच्या रिपोर्टाशी करून चालत नाही.

आकड्यांइतकीच लक्षणं महत्त्वाची. चालताना धाप, छातीत भरून येणं, चक्कर येऊन पडणं यांपैकी काही सुरू झालं असेल आणि झडप तीव्र अरुंद असेल, तर नुसत्या गोळ्यांवर राहिलेल्या पेशंटचं सरासरी आयुष्य दोन ते पाच वर्षांचं असतं. हे निरीक्षण १९६० च्या दशकातलं आहे आणि अजून खोटं ठरलेलं नाही. झडप उघडी करणारी गोळी, काढा किंवा पथ्य अस्तित्वात नाही. म्हणून 'थोडं थांबून बघू' हा तिसरा पर्याय धरू नये. लक्षणं असताना थांबणं हेच सगळ्यांत जोखमीचं.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवू. आपल्याकडे लहानपणीच्या संधिज्वरानं झडपा खराब झालेले पेशंट खूप आहेत. त्यांची बहुतेकदा मायट्रल झडप अरुंद होते, आणि ती फुग्यानं ताणून उघडतात. गावात कुणाचा 'फुग्यानं व्हॉल्व्ह उघडला' असेल तर ते टावी नव्हे; तिथे नवी झडप बसलेलीच नसते. या लेखातला आजार वेगळा आहे: वय वाढताना तीन पाकळ्यांच्या एऑर्टिक झडपेवर चुना साचून ती कडक होणं. पुढे ज्या चाचण्यांचे आकडे येतील त्या सगळ्या मुख्यतः याच आजाराच्या पेशंटवर झाल्या. संधिज्वराच्या पेशंटला ते आकडे लावू नयेत.

आता दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष काय होतं ते बघू. शस्त्रक्रियेत छातीचं मधलं हाड उभं कापतात, रक्ताभिसरण हार्ट-लंग मशीनवर घेतात, हृदय थांबवतात आणि महाधमनी उघडून जुनी झडप कात्रीनं कापून काढतात. चुन्याचे खडे बारीक चिमट्यानं एकेक करून वेचावे लागतात, कारण सुटलेला कण मेंदूत गेला तर पक्षाघात. जागा साफ झाली की नव्या झडपेची कडी टाक्यांनी शिवतात. टावीत जुनी झडप काढतच नाहीत. धातूच्या जाळीत शिवलेली, गायीच्या किंवा डुकराच्या हृदयावरणाच्या पातळ पडद्याची झडप चिमटून नळीवर बसवतात आणि ती जांघेतून वर महाधमनीपर्यंत नेतात. फुग्याची झडप असेल तर नेमक्या क्षणी हृदय पेसिंगनं मिनिटाला १८० च्या आसपास पळवतात, त्यामुळे रक्ताचा झोत काही सेकंद मंदावतो, आणि तेवढ्यात फुगा फुगवून जाळी उघडतात. जुन्या पाकळ्या, त्यांच्यावरच्या चुन्यासकट, भिंतीकडे दाबल्या जातात आणि तिथेच राहतात. टावीचे पुढचे बरेच गुणदोष यातूनच निघतात. शिवण नाही म्हणून कडेनं थोडी गळती राहू शकते. हृदयाच्या विजेच्या तारा त्या जागेच्या अगदी खालून जातात, म्हणून जाळीचा दाब पडून पेसमेकर लागू शकतो.

या पद्धतीला मागे फार मोठा काळ नाही. डेन्मार्कचे हेनिंग रूड अँडरसन यांनी १९८९ मध्ये डुकरावर प्रयोग केला. माणसात पहिली टावी फ्रान्समधल्या रुआँ शहरात अलँ क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ ला केली. पेशंट ५७ वर्षांचा होता, मरणाच्या दारात होता, आणि कुठलाही सर्जन त्याला हात लावायला तयार नव्हता. पुढची वाटचालही त्याच क्रमानं झाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०११ मध्ये ज्यांची शस्त्रक्रिया शक्यच नाही अशांसाठी टावीला परवानगी दिली, २०१२ मध्ये जास्त जोखमीच्या पेशंटसाठी, २०१६ मध्ये मध्यम जोखमीच्या आणि २०१९ मध्ये कमी जोखमीच्या पेशंटसाठी. हा क्रम लक्षात ठेवला की आकडे वाचताना चूक होत नाही. सगळ्यांत लांबचे निकाल आहेत ते बहुतेक सगळ्यांत म्हाताऱ्या पेशंटचे. साठी-पासष्टीच्या धडधाकट माणसांचे निकाल आता कुठे पाच-सात वर्षांपर्यंत पोचलेत.

पहिला निकाल २०१० चा, पार्टनर नावाच्या चाचणीचा. शस्त्रक्रियेला अयोग्य ठरलेल्या पेशंटपैकी नुसत्या औषधांवर असलेले निम्मे, ५०.७ टक्के, वर्षभरात गेले. टावी केलेल्यांपैकी ३०.७ टक्के. त्या दिवशी वाद संपला: ज्याची छाती उघडताच येत नाही त्याच्यासाठी टावीच. ऐंशीच्या पुढचे, किडनी-फुप्फुसं थकलेले, आधी बायपास झालेले पेशंट या गटात मोडतात. तुमच्या घरचा पेशंट असा असेल तर पुढच्या बारीक चर्चेत फार अडकू नका.

मध्यम जोखमीच्या गटात चित्र वेगळं. पार्टनर २ मध्ये सुमारे २,००० पेशंट होते. पाच वर्षांनी मृत्यू किंवा अपंगत्व आणणारा पक्षाघात टावीच्या गटात ४७.९ टक्के आणि शस्त्रक्रियेच्या गटात ४३.४ टक्के. संख्याशास्त्राच्या नजरेत हा फरक ठोस नाही, म्हणून 'दोन्ही सारखे' असा मथळा झाला. मात्र त्याच पाच वर्षांत कडेची गळती टावीत ३३.३ टक्के लोकांत दिसली, शस्त्रक्रियेत ६.३ टक्क्यांत, आणि पुन्हा दवाखान्यात भरती व्हावं लागण्याचं प्रमाणही टावीत जास्त होतं. ती जुन्या पिढीची झडप होती. नंतरच्या झडपांना बाहेरून कापडाचा पट्टा असतो, त्यामुळे गळती बरीच कमी झाली आहे, हेही सांगायला हवं.

आज आपल्या पेशंटना सर्वाधिक लागू पडणारी चाचणी म्हणजे पार्टनर ३. कमी जोखमीचे १,००० पेशंट, सरासरी वय ७३. पहिल्या वर्षाअखेर मृत्यू, पक्षाघात आणि पुन्हा भरती यांची बेरीज टावीत ८.५ टक्के आणि शस्त्रक्रियेत १५.१ टक्के होती, म्हणजे टावी स्पष्ट पुढे. पाच वर्षांनी हीच बेरीज २२.८ आणि २७.२ झाली, टावीची आघाडी उरली पण इतकी कमी की ती ठोस म्हणता येईना. मृत्यूचं गणित तर फिरलं. पहिल्या वर्षी टावीत १.० टक्के आणि शस्त्रक्रियेत २.५ टक्के मृत्यू होते, पाचव्या वर्षी १०.० आणि ८.२. हाही फरक योगायोगाचा असू शकतो. शिवाय शस्त्रक्रियेच्या गटातले जास्त लोक पाठपुराव्यातून गळले, त्यामुळे त्यावरून कुणी 'टावी मारते' असं म्हणू नये. पण दिशा नोंदवून ठेवण्यासारखी आहे. सुरुवातीला छाती कापण्याचा, मशीनवर जाण्याचा, रक्तस्रावाचा त्रास शस्त्रक्रियेच्या खात्यावर पडतो आणि टावी पुढे जाते. मग दर वर्षी ते अंतर थोडं थोडं मिटत जातं. स्वतः उघडणाऱ्या जाळीच्या झडपेची कमी जोखमीच्या पेशंटवरची दुसरी मोठी चाचणी झाली, तिच्यात पाच वर्षांनी मृत्यू किंवा अपंग करणारा पक्षाघात १५.५ आणि १६.४ टक्के, म्हणजे जवळपास बरोबरीच.

या चाचण्यांचा खर्च झडप बनवणाऱ्या कंपन्यांनी केला, ही कुजबूज सर्जन लोकांत नेहमी ऐकू येते आणि ती निराधार नाही. म्हणून जर्मनीतल्या डेडिकेट चाचणीला वजन आहे. तिचा पैसा कंपनीकडून आला नव्हता, १,४१४ पेशंट होते, आणि वर्षभरात मृत्यू किंवा पक्षाघात टावीत ५.४ टक्के, शस्त्रक्रियेत १०.० टक्के निघाला. म्हणजे पहिल्या वर्षातला टावीचा फायदा खरा आहे. लांबचं मात्र तिथेही अजून यायचंय.

पूर्ण दहा वर्षांचा हिशेब बघायचा तर डेन्मार्क-स्वीडनच्या नोशन चाचणीकडे जावं लागतं. पेशंट फक्त २८०, सरासरी वय ७९. दहा वर्षांनी टावी गटातले ६२.७ टक्के आणि शस्त्रक्रिया गटातले ६४.० टक्के गेले होते, बरोबरी. झडपेची गंभीर झीज टावीत १.५ टक्के आणि शस्त्रक्रियेत १०.० टक्के. हा शेवटचा आकडा टावीच्या सादरीकरणात हमखास दाखवतात. त्याच्याबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवा. त्या काळी शिवलेल्या काही झडपा पुढे लवकर झिजतात म्हणून बदनाम झाल्या, त्यामुळे तुलना थोडी सोपी झाली. आणि झीज मोजायला पेशंट जिवंत राहावा लागतो. ऐंशीच्या घरात सुरुवात केलेल्या गटात दहा वर्षांनी मोजायला फार थोडे उरतात. तरीही ७५-८० च्या माणसाला या चाचणीतून स्पष्ट दिलासा मिळतो. त्याची झडप बहुधा त्याच्याआधी संपणार नाही.

खरी अडचण आहे ती ६० ते ७० च्या वयातल्यांची. प्राण्याच्या ऊतीपासून केलेली झडप, मग ती शिवलेली असो वा नळीतून बसवलेली, साधारण १० ते १५ वर्षं नीट चालते, आणि पेशंट जितका तरुण तितकी लवकर झिजते. पासष्टीच्या निरोगी माणसापुढे अजून पंधरा-वीस वर्षं सहज असू शकतात. म्हणजे त्याला दुसरी झडप लागण्याची शक्यता चांगलीच आहे. त्या वेळी तो ऐंशीच्या आसपास असेल, आणि तेव्हा काय करता येईल हे आज बसवलेल्या पहिल्या झडपेवर ठरतं.

पहिली झडप शस्त्रक्रियेनं बसवली असेल, नीट मोठ्या मापाची असेल, तर ऐंशीव्या वर्षी तिच्या आत टावी बसवता येते. तरुणपणी, सोसण्याची ताकद असताना मोठं ऑपरेशन आणि म्हातारपणी सोपी नळी, असा हा क्रम. उलटा क्रम धरला, म्हणजे पहिली टावी केली, तर पुढे दोनच वाटा उरतात. एक, टावीच्या आत दुसरी टावी. डब्यात डबा बसवला की आतली जागा कमी होणारच. शिवाय पहिल्या झडपेच्या पाकळ्या जाळीला चिकटून भिंतीसारख्या उभ्या राहतात आणि हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांची तोंडं झाकली जाऊ शकतात. प्रत्येकाच्या शरीरात हे जमेलच असं नाही. दुसरी वाट, छाती उघडून जुनी जाळी काढायची. ती तोवर महाधमनीच्या भिंतीत रुतलेली असते. अशा ऑपरेशनांच्या एका आंतरराष्ट्रीय नोंदवहीत ३० दिवसांतले मृत्यू सुमारे १३ टक्के होते. त्यात झडपेला जंतुसंसर्ग झालेले पेशंटही होते, त्यामुळे आकडा फुगलेला असेल. तरी कमी जोखमीच्या पहिल्या ऑपरेशनातला धोका एक ते दोन टक्के असतो, हे शेजारी ठेवून बघा.

आपल्याकडे यात एक भर पडते. इथे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार लवकर आणि फार जणांना होतो. टावीच्या उंच जाळीतून नंतर अँजिओग्राफीची नळी नेमक्या तोंडात घालणं जड जातं, कधी जमतही नाही. पासष्टीला टावी केलेल्या मधुमेही माणसाला सत्तरीत हार्ट अॅटॅक आला आणि रात्री दोन वाजता स्टेंट टाकायची वेळ आली, तर ही अडचण कागदावरची राहत नाही. ज्याला मधुमेह आहे, घरात अॅटॅकचा इतिहास आहे, त्यानं हा प्रश्न डॉक्टरांना थेट विचारावा: या झडपेनंतर माझी अँजिओप्लास्टी किती सोपी राहील?

मार्गदर्शक तत्त्वंही याच हिशेबावर उभी आहेत. अमेरिकेच्या २०२० च्या नियमावलीत ६५ च्या आत शस्त्रक्रिया, ८० च्या वर टावी आणि मधल्यांसाठी चर्चा करून ठरवा असं आहे. युरोपनं २०२१ मध्ये रेषा ७५ वर ओढली होती, २०२५ मध्ये ती ७० वर आणली. रेषा खाली सरकतेय हे खरं. पण जन्मतारखेपेक्षा पुढे किती वर्षं आहेत हे महत्त्वाचं, आणि ते घरच्यांना डॉक्टरांपेक्षा बरं माहीत असतं. ७२ व्या वर्षी रोज शेतात जाणारा माणूस आणि ६८ व्या वर्षी डायलिसिसवर असलेला माणूस यांच्यात टावी कोणाला जास्त शोभते, याचं उत्तर वयाच्या उलट आहे.

काही ठिकाणी निवड फारशी उरतच नाही. जन्मतः दोनच पाकळ्यांची झडप असेल, तर चुना वेडावाकडा साचतो, महाधमनीही बऱ्याचदा फुगलेली असते. अशा पेशंटना पार्टनर ३ मध्ये घेतलंच नव्हतं. २०२४ च्या नोशन-२ चाचणीत, ७५ पर्यंतच्या तरुणतर गटात, दोन पाकळ्यांच्या पेशंटमध्ये वर्षभरातला मृत्यू, पक्षाघात किंवा पुन्हा भरती टावीत १४.३ टक्के आणि शस्त्रक्रियेत ३.९ टक्के होतं. संख्या लहान होती, तरी एवढी तफावत नजरेआड करता येत नाही. पन्नाशी-साठीत झडप अरुंद झाली असेल तर ती दोन पाकळ्यांची असण्याची शक्यता मोठी असते, म्हणून रिपोर्टात 'बायकस्पिड' हा शब्द आहे का ते बघा. तसंच बायपासही लागणार असेल, महाधमनीचा फुगवटा दुरुस्त करायचा असेल, मायट्रलही बदलायची असेल किंवा झडपेवर जंतुसंसर्ग असेल, तर एकाच वेळी छाती उघडून सगळं उरकणं शहाणपणाचं. उलट, आधी छातीला रेडिएशन झालंय, महाधमनी चुन्यानं पार कडक झालीय, यकृत किंवा फुप्फुस खराब आहे, अशांना सर्जन स्वतःच टावीकडे पाठवतात.

पन्नाशीच्या आतल्यांसाठी तिसरं नाव घ्यायलाच हवं: धातूची, म्हणजे मेकॅनिकल झडप. ती शस्त्रक्रियेनंच बसते आणि झिजत नाही. कॅलिफोर्नियातल्या पेशंटच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात एऑर्टिक जागी ५५ वर्षांपर्यंत धातूची झडप ऊतीच्या झडपेपेक्षा आयुष्याच्या दृष्टीनं सरस ठरली. किंमत मोजावी लागते ती जन्मभर रक्त पातळ ठेवण्याच्या गोळीत आणि महिन्या-दीड महिन्यानं आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते, तपासण्यात. जिथे तालुक्याच्या गावीही आयएनआर वेळेवर होत नाही तिथे ही किंमत छोटी नसते. मूल हवं असलेल्या तरुण बाईला तर ती गोळी गरोदरपणात फार अडचणीची ठरते. नव्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ज्यांना तपासणी लागत नाही, त्या धातूच्या झडपेला चालत नाहीत. एका गोळीची चाचणी २०१२ मध्ये, दुसरीची २०२२ मध्ये गुठळ्या वाढल्यामुळे मधेच थांबवावी लागली. कुणी सोयीसाठी गोळी बदलून दिली तर ती घेण्याआधी हृदयतज्ज्ञांना फोन करा.

पैशाबद्दल थोडक्यात. टावीची झडपच इतकी महाग आहे की एकूण बिल शस्त्रक्रियेच्या कितीतरी पट होतं. झडप बदलण्याची शस्त्रक्रिया महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत होते. टावीसाठी मात्र विमा कंपनीचं पत्र आधी हातात घ्या, तोंडी होकारावर विसंबू नका. गुजरातेत वापीला बनणारी भारतीय झडप आल्यापासून पर्याय वाढलाय, आणि २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय चाचणीत ती नावाजलेल्या परदेशी झडपांच्या तोडीस तोड निघाली, अर्थात पहिल्या महिन्यापुरती. शस्त्रक्रियेच्या बाजूला तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची चित्रा ही धातूची झडप स्वस्तात मिळते. एवढंच सांगतो की जमीन विकून पासष्टीच्या धडधाकट माणसाची टावी करण्यात मला शहाणपण दिसत नाही. शस्त्रक्रिया हा त्या वयात दुय्यम उपचार नाही. तिथे तीच पहिली निवड आहे.

डॉक्टरांना भेटायला जाताना सर्जन आणि टावी करणारे हृदयतज्ज्ञ या दोघांनाही भेटा. मोठ्या रुग्णालयांत दोघं मिळून ठरवतात, त्याला हार्ट टीम म्हणतात, पण बऱ्याच ठिकाणी ती बैठक कागदावरच होते. फक्त एकानंच ठरवलं असेल तर दुसऱ्याचं मत मागायला संकोच करू नका. सीटीची सीडी तुमच्याकडे घ्या, रिपोर्टाचा कागद पुरत नाही. विचारायचं ते असं: तुम्ही स्वतः वर्षाला अशा किती केसेस करता? माझ्या अंगठीच्या, म्हणजे झडप जिथे बसते त्या कडीच्या, मापाला कोणत्या नंबरची झडप बसेल? ती झिजल्यावर आत दुसरी बसेल का, हे सीटीवरून आज सांगता येईल का? पेसमेकरची शक्यता किती? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर झडपेच्या जातीनुसार बदलतं. फुग्याच्या झडपेच्या चाचणीत महिन्याभरात ६.५ टक्क्यांना पेसमेकर लागला, स्वतः उघडणाऱ्या झडपेच्या चाचणीत १७.४ टक्क्यांना, आणि शस्त्रक्रियेत ४ ते ६ टक्क्यांना. ईसीजीत आधीच उजव्या बाजूचा ब्लॉक असेल तर धोका आणखी वाढतो. शस्त्रक्रियेच्या पारड्यात याउलट ठोके अनियमित होण्याचं प्रमाण फार मोठं आहे. पार्टनर ३ मध्ये महिन्याभरात ते ३९.५ टक्क्यांना झालं, टावीत ५ टक्क्यांना. त्यातलं बरंचसं औषधानं आवरतं, पण घरच्यांना आधी सांगितलेलं नसलं की ते घाबरून जातात.

सर्जननं 'लहान झडपच बसेल' असं म्हटलं तर जरा थांबून विचारा. अरुंद अंगठी शस्त्रक्रियेत रुंद करून मोठी झडप शिवता येते. ऑपरेशनला वेळ जास्त लागतो, सगळे सर्जन ते करत नाहीत, पण पंधरा वर्षांनी आत टावी बसवायची असेल तर आजचे ते दोन-तीन मिलिमीटर तेव्हा निर्णायक ठरतात. आपल्याकडच्या ठेंगण्या, बारीक बांध्याच्या बायकांत हा प्रश्न वारंवार येतो.

झडप कशीही बसवली तरी महिन्याभरानं एको करून तो रिपोर्ट जपून ठेवा. पुढे झीज ओळखायची ती याच कागदाशी तुलना करून. नव्या झडपेचा सुरुवातीचा ग्रेडियंट प्रत्येकाचा वेगळा असतो, आणि तो माहीत नसेल तर पाच वर्षांनी १८ हा आकडा चांगला की वाईट हे कुणालाच सांगता येत नाही. नंतर वर्षातून एकदा एको. झडपेचं नाव, माप आणि क्रमांक लिहिलेलं कार्ड मिळतं, त्याचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या फोनमध्ये असू द्या. दात काढायचा किंवा रूट कॅनल करायचं असेल तर दंतवैद्याला झडपेबद्दल आधी सांगायचं. तासभर आधी अँटिबायोटिकचा एक डोस घ्यावा लागतो, शिवलेल्या झडपेला जितका तितकाच टावीलाही. किडके दात असतील तर शक्यतो झडप बसवण्याआधीच त्यांचा निकाल लावून घ्या. ताप तीन-चार दिवसांपेक्षा जास्त राहिला तर जवळच्या दवाखान्यातून परस्पर अँटिबायोटिक सुरू करू नका. आधी रक्ताचं कल्चर पाठवायला सांगा, कारण झडपेवरचा जंतू औषधाचे दोन डोस पोटात गेल्यावर कल्चरमध्ये बऱ्याचदा सापडत नाही.